खंड्याचा पत्ता

मु. चिंचेची वाडी, पो. इनामगाव, ता. शिरूर
१८ जानेवारी १९६३

रा. रा. एस. ए. सिद्दीक, चित्रकार, दौंड, यांस
धुरपदा हौसराव, इयत्ता चौथी, हिचा साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, आमच्या शाळेत पुण्याहून ‘आपले पक्षी’ हा रंगीत तक्ता आला. तो आपण काढला आहे असे खालच्या कोपऱ्यात छापले आहे. सोमवारी मधल्या सुट्टीत मी त्या तक्त्यावरील खंड्या पक्ष्याच्या घरट्यावर कोळशाने फुली मारली व शेजारी एक भोक काढले. हे माझ्याकडून फार वाईट वर्तन झाले. शाळेच्या वस्तूची खराबी करणे हे चांगल्या मुलीचे लक्षण नव्हे. तरी आपण मोठ्या मनाने क्षमा करावी. आपले क्षमेचे पत्र येईपर्यंत मला वर्गाबाहेर ओट्यावर बसण्याची शिक्षा आहे.

हितपर्यंत गुरुजींनी सांगितलं आन् मी लिवलं. आता गुरुजींना पाटलांनी चहाला बोलावलंय आन् कागद पुष्कळ उरलाय, म्हणून माझं लिवते.

फुली मारली ती चूक. पण घरटं खोटं हाय. खंड्या झाडावर राहत न्हाई. आमच्या वाडीखाली घोड नदीला उभा काठ हाय, पांढरीच्या मातीचा. तितं जुनं गाव होतं म्हणत्यात, अजून खापरं निघत्यात. त्या मऊ काठात भोक पाडून खंड्या राहतो. गेल्या उन्हाळ्यात म्या रोज बघितलाय. तुम्ही त्याला बाभळीवर टोपलीत बसवलाय. मी वर्गात तसं म्हणाले, तर गुरुजी म्हणाले, छापलेलं खोटं नसतं. मग म्या फुली मारली.

ओट्यावर ऊन चांगलं येतं. पण पाढे ऐकू येत न्हाईत. तवा पत्र लवकर धाडा.

आपली आज्ञाधारक (हे गुरुजींनी आधीच सांगून ठेवलं होतं)
धुरपदा


दौंड
२८ जानेवारी १९६३

चि. धुरपदा हीस आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. तुझ्या गुरुजींच्या नावाने वेगळी चिठ्ठी सोबत जोडली आहे. तीत मी क्षमा केल्याचे व तुला आत घेण्याबद्दल लिहिले आहे. ती त्यांना दे.

आता राहिला घरट्याचा प्रश्न. मी बावीस वर्षे ब्रश धरून आहे. पक्षी घरट्यात राहतो आणि उंदीर बिळात राहतो, ही वाटणी मी केलेली नाही, ती पूर्वीपासून आहे. तू ज्याला खंड्या समजतेस ती बहुधा साळुंकी असावी. लहान वयात असे घोटाळे होतात, त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नये. कोळशाने एकदम भोक काढण्याआधी मोठ्या माणसाला विचारावे.

अभ्यास करीत जा.

एस. ए. सिद्दीक, चित्रकार

ता. क. आमच्या घरच्या मेहरुन विचारतात की भोक केवढे असते. मला स्वतःला विशेष उत्सुकता नाही.


चिंचेची वाडी
६ फेब्रुवारी १९६३

चित्रकार साहेबांस धुरपदाचा नमस्कार.

तुमची चिठ्ठी गुरुजींनी वर्गात मोठ्यांदा वाचली आन् मला आत घेतलं. तुमचे उपकार झाले.

पण तुम्ही साळुंकी म्हणालात ते मनाला लागलं. साळुंकी आमच्या म्हशीच्या पाठीवर बसून हिंडती. ती मला न्हाई का कळणार? आईला पत्र वाचून दाखवलं तर ती म्हणाली, सायबांना म्हशी नसतील.

मेहरुन मामींना सांगा, भोक आमच्या तांब्याच्या तोंडाएवढं असतं. त्याच्या खालच्या अंगाला दोन बारीक चाकोऱ्या असत्यात, बैलगाडीच्या असत्यात तशा. आत-बाहेर करताना त्याचे पाय घासून पडलेल्या. उंदराच्या बिळाला चाकोरी नसती. आन् वास. आत मासळीचे काटे कुजत्यात, नाक धरावं लागतं. तुमच्या घरट्याला वास येत असंल असं चित्रावरून वाटत न्हाई.

आणखी एक. तुमच्या खंड्याच्या चोचीत मासा शेपटीकडून आत चाललाय. तसा गिळला तर घशात अडकंल. खंड्या आधी मासा फांदीवर आपटतो, परीट कापडं आपटतो तसा, मग डोकं फुडं करून गिळतो.

इचारायचं हाय ते असं की, तुम्ही खंड्या कुठं बघितला? रागानं इचारत न्हाई.

धुरपदा


दौंड
१५ फेब्रुवारी १९६३

चि. धुरपदा हीस अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न तीन दिवस खिशात घेऊन हिंडलो. चौथ्या दिवशी मेहरुन म्हणाल्या, खरं काय ते लिहून टाका, पोरगी काही गावभर करणार नाही. तेव्हा लिहितो. गावभर करू नकोस.

खंड्या मी एका विलायती पुस्तकात पाहिला. तो काळ्या शाईत छापलेला होता, निळा रंग मी मनाने दिला. पुण्याचे तक्तेवाले शेठ म्हणाले की प्रत्येक पक्ष्याशेजारी घरटे काढा, मुलांना आवडते. पुस्तकात घरटी नव्हती. मग मी एकच घरटे सात वेळा काढले. तू नीट पाहिलेस तर घार आणि चिमणी एकाच मापाच्या टोपलीत राहतात. हे अजून कोणाच्या ध्यानात आलेले नाही, तुझ्याच येईल म्हणून आधीच सांगतो.

आणखी एक सांगायचे आहे. मी दौंड स्टेशनाबाहेर पाट्या रंगवतो. ‘पुरुष’, ‘स्त्रिया’, ‘येथे थुंकू नये’, आणि मालट्रकच्या पाठीवर कमळ. तक्ता हे माझे पहिले छापलेले काम. तो आला त्या दिवशी मेहरुननी मोहल्ल्यात खीर वाटली होती. म्हणून तुझी फुली मला जरा खोल लागली आणि मी बावीस वर्षांचा दाखला दिला. ती बावीस वर्षे खरी आहेत, पण पाट्यांची.

भीमा नदी आमच्या घरापासून जवळच आहे. तिच्या काठी मी आजवर दोनदा बसलो, दोन्ही वेळा गाडी बिघडली म्हणून.

शेठना पत्र टाकले आहे की चूक झाली, पुढच्या छपाईत सुधारू. तेव्हा तू मला नीट कळव. रंग कोणता कुठे आहे, काठ कसा दिसतो, भोक किती खोल, आत काय, अंडी किती आणि कोणत्या रंगाची. सोबत एक पेन्सिल आहे, एका टोकाला निळी, दुसऱ्याला तांबडी. तुला खंड्यासाठी दोन्ही टोके लागतील असे वाटते.

साहेब म्हणू नकोस. मामा म्हण. मेहरुनना तू मामी करून टाकलेच आहेस.

सिद्दीकमामा


चिंचेची वाडी
१२ मार्च १९६३

सिद्दीकमामा आन् मेहरुन मामींना धुरपदाचा नमस्कार.

उशीर झाला, कारण खंड्यानंच उशीर केला. दोघं नवरा-बायको आठ दिस नुसते काठापुढं वरडत हिंडत होते. मग एकानं जागा ठरवली आन् उडत येऊन चोच मातीवर हाणायला लागला. हाणायचं, मागं फिरायचं, परत हाणायचं. पयल्या दिवशी दिसभरात बोटभर भोक झालं. आमची शेळी पण बघत होती, पण ती मधी वरडती म्हणून आता तिला नेत न्हाई.

रंग असा. डोकं आन् पोट चिंचोक्याच्या रंगाचं. गळा पांढरा, जेवताना बांधतात तसलं फडकं बांधल्यागत. चोच आन् पाय पिकल्या तोंडल्यागत लाल. पाठ निळी, पण ती कसली निळी ते सांगता येईना. आईच्या लुगड्याला नीळ जास्त झाली की जशी कड दिसती तशी, पण उन्हात गेला की मोराच्या मानंगत. तुमच्या पेन्सिलीच्या निळ्यात ती न्हाई. म्या निळं लावून त्यावर शेवग्याचा पाला चोळला, मग थोडी जवळ आली. कागद सोबत हाय. उजवीकडचा डाग ते माझं बोट हाय, खंड्या न्हाई.

भोक आता हातभराच्या वर खोल हाय. खांद्यापर्यंत हात घालून बघितला, तरी शेवट लागंना. आतलं काय त्ये कसं कळायचं?

धुरपदा


दौंड
१९ मार्च १९६३

चि. धुरपदा हीस आशीर्वाद.

तुझा कागद मी दुकानात लावला आहे. एक ट्रकवाला म्हणाला, कमळाऐवजी हेच काढून दे. मी नाही म्हटले, अजून आमचे पुरते झाले नाही.

शेठचे उत्तर आले. ते म्हणतात, चौथीतल्या मुलीच्या सांगण्यावरून छापील तक्ता बदलायचा तर काही पुरावा पाहिजे. शेठना वाटते आपण दोघे खुळे आहोत. तेव्हा तू काहीही कर, पण आतली खोली कशी असते आणि अंडी किती व कोणत्या रंगाची, हे नक्की कर. अंदाज नको. डोळ्यांनी पाहिलेले पाहिजे.

आता आपला खंड्या असा करू की कोणी बोट ठेवू शकणार नाही.

सिद्दीकमामा


दौंड
९ एप्रिल १९६३

चि. धुरपदा हीस आशीर्वाद.

वीस दिवस झाले, पत्र नाही. परीक्षा चालू असेल असे मी म्हणतो. मेहरुन म्हणतात, पोरीला काहीतरी झाले आहे. परीक्षाच असेल तर दोन ओळी टाक, म्हणजे माझे खरे होईल. अंड्यांचे काय झाले?

सिद्दीकमामा


चिंचेची वाडी
१७ एप्रिल १९६३

सिद्दीकमामांना नमस्कार.

परीक्षा झाली. पास होईन.

म्या खुरपं लावलं. तुमचं पत्र आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी. समोरून हात पुरंना, म्हणून काठाच्या वरून खाली खणत गेले. वाटलं, बारकं खिंडार पाडीन, बघीन आन् चिखलानं लिंपून टाकीन. आप्पा कणगी लिंपतात तसं. पण पांढरीची माती मऊ असती. ती एकदम खाली गेली.

आत वाटीएवढी गोल खोली हाय. खाली काट्यांचा थर. अंडी पाच. बोराएवढी, गोल, चुन्यासारखी पांढरी. दोन फुटली. तीन म्या ओंजळीत धरून परत ठेवली आन् वर फांद्या लावून माती लिंपली.

दोघं समोरच्या खुंटावर येऊन बसले. एकाच्या चोचीत मासा होता. तो त्यानं गिळला न्हाई, आपटला पण न्हाई. दिस मावळेपर्यंत तसाच धरून बसला. दुसऱ्या दिवशी परत आले, भोकापर्यंत गेले आन् मागं फिरले. तिसऱ्या दिवशी आलेच न्हाईत.

मी तवापासून नदीला गेले न्हाई. आप्पांना सांगितलं न्हाई, आईलाबी न्हाई. तुमच्या शेठना सांगा, पाच असत्यात आन् पांढरी असत्यात.

पेन्सिल परत धाडते.

धुरपदा


दौंड
२३ एप्रिल १९६३

माझी बेटी धुरपदा हीस,

पत्र वाचून मेहरुन माझ्याशी दिवसभर बोलल्या नाहीत. बरोबर केले. तू लहान आहेस, नदीकाठची आहेस, तुला बघायची हौस आहे. ‘काहीही कर’ असे लिहिणारा पन्नाशीचा माणूस दौंडात खुर्चीवर बसला होता. खुरपे तुझ्या हातात होते एवढेच. चूक वाटून घ्यायची असेल तर मोठा वाटा मला दे, तो माझाच आहे.

दुसरी एक गोष्ट मी लपवली. एक एप्रिललाच शेठचे दुसरे पत्र आले होते. तक्ता बदलायचा नाही, आणि यापुढे तुमच्याकडून चित्रेही नकोत, असे त्यात होते. तरी नऊ तारखेला मी तुला अंड्यांचे विचारले. म्हणजे शेठला पुरावा नको होता, मलाच हवा होता. माझे एक चित्र तरी अगदी बरोबर असावे, असा हट्ट धरून बसलो होतो.

गेले दोन दिवस पहाटे दुकान उघडण्याआधी मी भीमेवर जातो. अजून खंड्या दिसलेला नाही. एका म्हशीशी ओळख झाली, आणि तिच्या पाठीवरच्या साळुंकीशीही. ती खंड्यासारखी मुळीच दिसत नाही. तुझ्या आईला तसे सांग.

पेन्सिल परत पाठवतो. टपालवाल्याला आता ती पाठ झाली असेल. ठेवून घे, आणि नदीवर जा. लांब बस, पण जा.

सिद्दीकमामा


चिंचेची वाडी
६ मे १९६३

सिद्दीकमामा आन् मेहरुन मामींना धुरपदाचा नमस्कार.

तुम्ही जा म्हणालात म्हणून गेले. मामा, वरच्या अंगाला चाळीस पावलांवर नवं भोक हाय. चाकोऱ्या ताज्या हायेत. तीच दोघं हायेत का दुसरी, ते कळत न्हाई, पण एकजण आत बसतो आन् दुसरा मासा आणून देतो. म्हंजी अंडी असणार. किती ते मी बघणार न्हाई. करंजाच्या झाडाआड बसते, हात मांडीखाली दाबून.

पण घोटाळा हाय. पाऊसकाळाच्या आधी आप्पा पांढरीची माती गाड्या भरभरून शेतात नेऊन टाकतात. पीक जोमानं येतं म्हणत्यात. औंदा तीन गाड्या लागल्यात आन् काठ खणत खणत वरच्या अंगाला सरकतायत. आठ-दहा दिसांत भोकापाशी येतील. मी आप्पांना म्हणाले, एवढा तुकडा सोडा. तर म्हणाले, “पाखराला पंख हायेत पोरी, शेताला न्हाईत.”

पयल्या घरट्याचं त्यांना ठाऊक न्हाई. ते सांगितल्याबिगर दुसऱ्याचं कसं सांगू? काही मागायला लिवलं न्हाई. नुसतं सांगितलं.

धुरपदा


दौंड
१८ मे १९६३

चि. धुरपदा हीस आशीर्वाद.

तुमच्या वाडीहून काल सुखरूप घरी पोचलो. तुझ्या आईने दिलेल्या कुरडया मेहरुननी पुऱ्या प्रवासात मांडीवर धरल्या, एकही मोडली नाही. आम्हा दोघांना तुमच्या घरी दोन दिवस जी माया मिळाली तिच्याबद्दल पत्रात काय लिहावे.

तू करंजाआड बसली होतीस, त्यामुळे गुरुवारी सकाळी काठावर झालेले बोलणे तुला ऐकू गेले नसेल. मेहरुन म्हणतात, ते मुलीला कळले पाहिजे. म्हणून लिहितो.

आदल्या संध्याकाळी मी तुझ्या आप्पांना, हौसरावांना, पुष्कळ समजावले. त्यांनी दोन तांबे ताक पाजले, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, सकाळी गाड्या जुंपायच्यात, झोपा आता. मग मला उमगले की चित्रकाराचे इथे काम नाही. शाळेला खंड्याचे नवे चित्र काढून द्यायचे म्हणून रंगाचे डबे आणलेच होते. तुमच्या मोडक्या गाडीची एक फळी घेतली आणि उजाडताच काठावर बसून आपल्या नेहमीच्या अक्षरात पाटी लिहिली: ‘येथील माती काढण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून.’ आणि भोकाच्या अलीकडे रोवली.

गाड्या आल्या. गडी थांबले. हौसराव पुढे आले. रंग ओला होता, माझ्या दाढीलाही लागलेला होता, त्यामुळे पाटी कोणाची हे विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांनी विचारले, “कुणाच्या हुकमावरून?”

मी म्हणालो, “ज्याची अंडी त्याच्या.”

ते हसले नाहीत. त्यांनी विचारले की पोरगी महिनाभर नदीकडे फिरकली नाही, जेवत नव्हती, ते तुम्हाला ठाऊक आहे का. मी म्हणालो ठाऊक आहे, आणि पहिल्या घरट्याची हकिगत सांगितली. माझ्या पत्रासकट. तुला न विचारता सांगितले, रागावलीस तर राग सोसेन. त्यांनी पाटी पुन्हा एकदा वाचली. मग गड्यांना म्हणाले, “अक्षर चांगलं हाय. चला, खालच्या अंगाला जाऊ.” आणि बैल वळवले.

गुरुजींसाठी चित्र तुझ्या आईपाशी ठेवले आहे. शाळा उघडली की दे. त्यात काठ आहे, खुंटावर बसलेला खंड्या आहे आणि भोक आहे. पाठीची निळाई तुझ्या शेवग्याच्या पाल्यानेच साधली. भोक नुसते काळे ठेवले आहे. आतले आपल्याला ठाऊक आहे, पण काढावेसे वाटले नाही.

सिद्दीकमामा


चिंचेची वाडी
१६ जून १९६३

सिद्दीकमामा आन् मेहरुन मामींना धुरपदाचा साष्टांग नमस्कार.

राग आला न्हाई. तुम्ही गेलात त्या रात्री आप्पांनी माझ्या ताटात त्यांच्या वाटचं दही वाढलं. त्यावरून तुम्ही त्यांना सांगितलंय ते मला कळलंच होतं.

शाळा उघडली. गुरुजींनी तुमचं चित्र तक्त्याच्या शेजारी लावलं. दोन्ही खंड्यांकडं बराच येळ बघून म्हणाले, एकाच माणसानं काढलेत असं वाटत न्हाई. पोरं इचारतात, भोकात काय हाय. मी म्हणते, पंधरा दिस हलायचं न्हाई, असं बसता येत असंल तर चला, दावते. आजपर्यंत चौघं आली. त्यातली दोघं पयल्याच दिवशी पळाली.

आता मुख्य सांगते. मंगळवारी पिल्लं बाहेर आली. चार. आईबापासारखीच, पण चोच अजून मळकट आन् शेपूट आखूड. चौघं खुंटावर वळीनं बसली आन् खाली पाण्याकडं नुसती बघत राहिली, शाळेत पयल्या दिवशी पोरं बसत्यात तशी. आईबाप आळीपाळीनं मासा आणून दावायचे आन् द्यायचे न्हाईत.

काल सांजच्याला आमचे बैल गाडीबिगर, आपले आपण घरी आले. आई घाबरली. म्हणाली, बघ गं, आप्पा कुठं राहिलं. मी नदीकडं पळाले. तर आप्पा करंजाच्या झाडाआड, माझ्या जागेवर, उकिडवे बसलेले. पागोटं काढून मांडीवर ठेवलेलं. माझी चाहूल लागली तसं त्यांनी वळून न बघता नुसतं बोट केलं.

एक पिल्लू खाली झेपावलं. धप्पदिशी पाण्यात पडलं आन् चोचीत काहीतरी धरून वर आलं. खुंटावर बसून त्यानं ते डावीकडं आपटलं, उजवीकडं आपटलं, बापासारखं. मग आमच्या ध्यानात आलं, त्ये वडाचं वाळकं पान होतं. आप्पांनी तोंडात पागोट्याचं टोक कोंबलं, हसू बाहेर येऊ नये म्हणून. त्यांचं सगळं अंग हलत होतं.

मी हळूच म्हणाले, आप्पा, बैल घरी गेले, आई वाट बघतीया.

“जाऊ दे,” आप्पा म्हणाले. “अजून तिघं राहिल्यात.” आन् जरा सरकून त्यांनी मला जागा केली.

धुरपदा